कुंपणाला फाटक

सोमवार, ३ मार्च

आजपासून कंपनी एकच. सकाळी हँगरमध्ये केक कापला. अर्धा पिवळा, अर्धा निळा. मधोमध दोन्ही रंग मिसळून जो हिरवट चिखल झाला होता, तो तुकडा घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी मीच घेतला. चवीला बरा होता.

सगळे म्हणतात, दोन कंपन्यांचं लग्न झालं. आम्ही पिवळ्या शेपटाच्या विमानांवाले, धाकटे. ते निळ्या शेपटाचे, थोरले. त्यांच्याकडे आमच्यासारखी छोटी विमानं आहेतच, वर ती आठ मोठी, समुद्र ओलांडणारी. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "लग्नाचं कौतुक राहू दे. कपाटाचा वरचा कप्पा कोणाला, ते ठरलं का?" नवरा दातांचा डॉक्टर आहे, दुखरी जागा बरोबर सापडते त्याला.

वरचा कप्पा म्हणजे यादी. आमच्या धंद्यात हुशारी, अनुभव, गोड स्वभाव सगळं बाजूला, क्रमांक खरा. नोकरीला लागलात की ज्येष्ठता यादीच्या शेपटाला नाव लागतं, वरचे निवृत्त होतात तसतसे तुम्ही वर सरकता. सुट्टी कोणाला, कोणता मार्ग कोणाला, मोठ्या विमानाची खुर्ची कोणाला, सगळं त्या क्रमांकावर. पिवळ्यांच्या यादीत मी तिसरी आहे. आता दोन याद्यांची एक करायची आणि त्यासाठी समिती नेमली आहे, तीन पिवळे, तीन निळे. पिवळ्यांतर्फे पहिलं नाव माझं. "तुमच्याइतकी भांडखोर बाई दुसरी मिळाली नाही," असं भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे आमचा दुसरा सभासद, त्याला माइक लागत नाही. तिसरा हिशेबनीस, तो लॅपटॉपच्या मागे असतो.

निळ्यांची नावं संध्याकाळी कळली. एक टाचणी, नावाप्रमाणेच टोकदार कॅप्टनबाई. दुसरे एक गप्प गृहस्थ. आणि तिसरा, को-पायलट लोकांचा प्रतिनिधी म्हणून, आमचा जावई.

बुधवार, ५ मार्च

डायरीशी खोटं बोलून काय मिळणार? म्हणून लिहून टाकते. मी समितीवर पिवळ्यांच्या भल्यासाठी आहे हे खरं, पण मला ते मोठं विमान हवंय.

तेहतीस वर्षं छोटी उडवली. वर जा, खाली ये, वर जा, खाली ये. धावपट्टीच्या तोंडाशी आपण उभे असतो आणि ते धूड डोलत डोलत आपल्यापुढून जातं. मी दर वेळी त्याच्याकडे बघते. को-पायलटला सांगते, चाकं मोजतेय. चाकं कसली मोजतेय!

मे महिन्यात मी साठची होईन. साठीनंतर मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाला नाव घेत नाहीत. पासष्टला निवृत्ती, आणि शिकवल्यावर पाच वर्षं तरी वापरून घ्यायचं असतं कंपनीला. म्हणजे मे उजाडायच्या आत माझं नाव लागलं तर लागलं, नाहीतर चाकं मोजत घरी.

शुक्रवार, ७ मार्च

पहिली बैठक. पिवळ्यांच्या कचेरीत निळे येईनात, निळ्यांच्या कचेरीत आम्ही जाईना. मग हवाई सुंदऱ्यांच्या आणि सुंदरांच्या प्रशिक्षण शाळेत एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत विमानाचा नकली डबा आहे, तिथे दिवसभर आणीबाणीचा सराव चालतो. आम्ही कलम वाचायला लागलो की भिंतीपलीकडून वीस गळे ओरडतात, "खाली वाका! खाली वाका!" भोंगासुद्धा दोनदा दचकला.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. जन्मात विमानात बसलेले नाहीत, भीती वाटते म्हणतात. आगगाडीने आले. त्यांनी पहिल्याच मिनिटाला नियम सांगितला, "ज्याचा फायदा, तो बाहेर. एखाद्या कलमाने तुमचं स्वतःचं भलं होणार असेल, तर चर्चेला आणि मताला तुम्ही खोलीत नाही. तोटा होणार असेल तर खुशाल बसा. स्वतःच्या तोट्यासाठी कोणी लबाडी करत नाही."

टाचणीने विचारलं, "आणि नातेवाईकांचं काय?" सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. न्यायाधीश म्हणाले, "सासू आणि जावई समोरासमोर बसलेत ना? मग संगनमताची काळजी नको."

मला हा माणूस आवडला.

बुधवार, १२ मार्च

तीन बैठका झाल्या, तिन्ही एकाच दगडावर अडल्या. यादीच्या क्रमात फायदा-तोटा सगळ्यांचाच, म्हणून तिथे बाहेर कोणी नाही, निवाडा न्यायाधीशांचा. निळे म्हणतात, नोकरीला लागल्याची तारीख बघा आणि सरळ क्रम लावा. बरोबर आहे, त्यांची कंपनी म्हातारी. आमची पिवळी जन्मून दहा वर्षं झाली. मी आधी दुसरीकडे तेवीस वर्षं विमान चालवलं, ते गेलं पाण्यात. तारखेने लावलं तर माझ्यापुढे दीडशे निळे उभे राहतील, त्यात जावईसुद्धा. मी म्हटलं, तीन निळ्यांमागे एक पिवळा घ्या, दोन्ही याद्या वरपासून गुंफत या.

"कॅप्टन, त्याने आमच्या खालच्या लोकांवर अन्याय होईल," असं जावई म्हणाला. घरी मला 'आई' म्हणतो, टेबलावर 'कॅप्टन'. मीही घरचा 'तू' दारात ठेवून येते. "तुम्ही को-पायलट आहात, वरचं तुम्हाला काय दिसणार?" असं मी ऐकवलं. पलीकडून लगेच, "खाली वाका!" न्यायाधीश पोट धरून हसले.

संध्याकाळी लेक आणि जावई जेवायला. आमची लेक फिजिओथेरपिस्ट आहे. दार उघडलं तर तिने आधी माझे खांदे दाबले. "दगड झालेत, आई. सोड जरा. आणि ताटावर यादी आणायची नाही, दोघांनीही." मग जेवण इतकं सभ्य झालं की विचारू नका. "आई, मीठ देता?" "घे हो, घे." एरवी हा मुलगा मीठ वरून घेत नाही. बोलण्याला तोंड फोडायचा डाव होता, मी ओळखला. म्हणे जावई हा दहावा ग्रह. पूर्वीच्या लोकांना नऊ पुरत नव्हते, ते उगाच नाही.

बुधवार, १९ मार्च

जिंकले! न्यायाधीशांनी निवाडा दिला, वरच्या भागात गुंफण, खालच्या भागात तारीख. को-पायलट लोकांना तारखेचा न्याय, आम्हाला गुंफणीचा. माझा नवा क्रमांक बारा. बारा म्हणजे मोठ्या विमानाच्या दारातच! घरी येऊन स्वयंपाकघरात नाचले. डॉक्टर म्हणाला, "गुडघा." मी म्हटलं, "गुडघ्याचा क्रमांक नंतर."

मंगळवार, २५ मार्च

घरभेद्या! दुसरा शब्द नाही.

आज निळ्यांनी नवं कलम आणलं, त्याचं नाव कुंपण. पाच वर्षं मोठी विमानं फक्त जुन्या निळ्यांनीच चालवायची. क्रमांक बारा असो नाहीतर एक, पिवळा असेल तर कुंपणाबाहेर. म्हणजे यादीत मला वर चढवलं आणि खालून शिडी काढून घेतली. मसुदा कोणी लिहिला? आमच्या जावयाने. वाचूनही त्यानेच दाखवला, माझ्याकडे न बघता.

चहाच्या वेळी मी त्याला खिडकीपाशी गाठलं. "हे तू लिहिलंस?"

"हो, आई." टेबलापासून लांब होतो म्हणून 'आई'. "पाचशे लोकांनी पाठवलंय मला. त्यांना कुंपण हवंय, लिहायला मला सांगितलं."

"आणि माझं काय होणार, ते कळतंय तुला?"

"कळतंय." मग त्याने बिस्किट चहात बुडवलं. "पण आई, कुंपण म्हटलं की फाटक ठेवता येतं."

कसलं फाटक अन् कसलं काय! कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची? भोंगा म्हणतो, कोर्टात जाऊ. जाऊ की. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मी पंच्याहत्तर वर्षांची झालेली असेन.

बुधवार, २ एप्रिल

आठ दिवस जावयाशी बोलले नाही. त्याने दोनदा फोन केला, मी डॉक्टरच्या हातात दिला. दोघांचं बराच वेळ चाललं होतं. दाढेबद्दल असेल.

लेक आज एकटीच आली, गाडीभर कुंड्या घेऊन. "ठेव तुझ्याकडे, आमच्या बाल्कनीत दाटी झाली." मोठं पितळी पातेलंही दिलं, ते म्हणे तिला लागत नाही. गेल्या आठवड्यात पुस्तकांचं कपाट दिलं. चला, उशिरा का होईना, आवराआवरीची अक्कल आली. माझ्यावर गेली.

"तिकडे समुद्राकाठी हवा कशी असते गं? खारट?" असं मध्येच विचारलंन. समुद्राकाठचा तळ म्हणजे कंपनीची अडगळ, कोणी आपण होऊन जात नाही तिथे. मी म्हटलं, "खारट आणि कंटाळवाणी." ती हसली.

मंगळवार, ८ एप्रिल

फाटक आलं!

सकाळी न्यायाधीशांनी नवा कागद वाचला. कुंपण राहील, पण पिवळ्यांमध्ये जे एकोणसाठ पूर्ण आणि साठीच्या आत आहेत, त्यांना एकदाच, मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाची संधी. असे आम्ही तिघेच आहोत. बदल्यात पिवळ्यांनी कोर्टाचं नाव काढायचं नाही. मसुदा कोणाचा ते न्यायाधीशांनी सांगितलं नाही. नुसतं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचा फायदा आहे."

मी उठले. जावई बसून राहिला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये एक बाक, समोर आणीबाणीत उतरायची ती फुगवलेली घसरगुंडी. प्रशिक्षणाची पोरं एकेक करून किंचाळत घसरत होती. मी बाकावर नखं खात बसले. दारातून आवाज येत होते, भोंग्याचा स्पष्ट, टाचणीचा धारदार, आणि मग कितीतरी वेळ फक्त जावयाचा. शब्द कळत नव्हते. बोलतच होता. मला हळूहळू उमगलं, तो फाटक बंद करतोय. वर मोठ्या विमानात तीन पिवळे बसले (त्यांच्या सुटलेल्या खुर्च्या पिवळ्यांनाच) की तीन निळे कॅप्टन आहेत तिथेच अडकणार. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या नाहीत की खालच्या तीन को-पायलटना बढती नाही. आणि बढतीच्या रांगेत पहिला कोण? हाच. एवढ्यात कॅप्टन होणार होता, इथेच, घरच्या तळावर. तोटा त्याचा, म्हणून नियमाने खोलीत बसलाय आणि माझ्या पायावर धोंडा पाडतोय. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून जास्तच राग आला.

दार उघडलं. न्यायाधीश म्हणाले, "तीन विरुद्ध दोन. कलम मंजूर."

मला काय झालं कुणास ठाऊक, घसरगुंडीच्या पायऱ्या चढले आणि खाली घसरले. गणवेशात. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बुधवार, ९ एप्रिल

नाव लागलं. प्रशिक्षण जूनपासून, समुद्राकाठच्या तळावर. मोठ्या विमानाचं नकली कॉकपिट तिथेच आहे. एक दिवस जास्त राहायला लागला तरी चालेल मला त्या खारट हवेत.

काल रात्रीपासून एकच विचार करतेय, तिसरं मत निळ्यांतल्या कोणाचं? आमचे भोंगा आणि हिशेबनीस दोन. जावई विरोधात. गप्प गृहस्थ टाचणीला विचारल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत. म्हणजे टाचणीच. बाई बाहेरून टोकदार, पण आत माणूस आहे. तिच्यासाठी फुलं घेतली.

शुक्रवार, ११ एप्रिल

फुलं परत घेऊन आले.

टाचणी म्हणाली, "मला कशाला? मी विरोधात होते. आजही आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा स्वर उतरला. "तुम्हाला खरंच माहीत नाही? मसुदा तुमच्या जावयाचा. मतही त्याचंच. कोर्टात गेलात तर दोन वर्षं सगळ्यांचीच यादी अडकेल, हे त्याने आमच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला, डोकं खाल्लं आमचं. आम्ही त्याला म्हटलं, अरे, तुझीच बढती जाते. तर म्हणतो, समुद्राकाठी जागा रिकामी आहे, मी तिकडे अर्ज टाकलाय."

मी तिथेच खुर्चीत बसले. कुंड्या, पितळी पातेलं, कपाट. आवराआवरी कसली, पोरं घर हलवतायत!

घरी आल्या आल्या डॉक्टरला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"त्याने सांगू नका म्हटलं होतं. मतदान व्हायच्या आत तुला कळलं असतं तर तू भांडून ते मोडलं असतंस." मग फुलं फुलदाणीत ठेवत म्हणाला, "छान आहेत. माझ्यासाठी?"

मी रडले. राग होता, लाज होती, आणि त्या पोरावर इतकी माया दाटून आली होती की काय करावं ते कळेना. ठरवलंय मी. नाव मागे घेणार. एक खुर्ची सुटली की त्याला इथेच बढती. साठ वर्षं मोठ्या विमानावाचून अडलं नाही, पुढेही अडणार नाही. (अडेल. पण ते राहू दे.)

सोमवार, १४ एप्रिल

न्यायाधीशांकडे गेले, नाव मागे घ्यायचं म्हणून सांगितलं. त्यांनी चहा मागवला. "कारण?"

"जावयाला इथेच राहता येईल."

"त्याने मागणी केलीय?"

"तो कशाला करेल? तो असा आहे म्हणून तर."

"तुमच्या मुलीने?"

"तिला विचारलं नाही. पण तिचं भलं मला कळतं."

ते चहा ढवळत राहिले. "मुलगी जावई याच गावात राहिले तर फायदा कोणाचा, बाई?"

मी कप खाली ठेवला. 

"माझा," शेवटी म्हटलं.

"मग तुम्ही बाहेर," असं म्हणून त्यांनी दाराकडे हात केला. चहा मात्र पूर्ण पिऊ दिला.

मंगळवार, १५ एप्रिल

लेकीकडे गेले. दिवाणखाना खोक्यांनी भरलेला. ती जमिनीवर बसून वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. मी सगळं सांगून टाकलं, नाव मागे घ्यायला निघाले होते तेही.

"खबरदार!" असं इतक्या जोरात ओरडली की जावई आंघोळ सोडून बाहेर आला. "तो कुंपणाचा कागद लिहिल्यावर चार रात्री झोपला नव्हता, तुला कसं आत घ्यायचं म्हणून. आणि तू नाव काढणार?"

"पण तुम्ही माझ्यामुळे—"

"तुझ्यामुळे नाही गं. म्हणजे, तुझ्यामुळे थोडं आहे." ती हसायला लागली. "आई, आम्हाला जायचंय. तिथल्या हॉस्पिटलात मला आख्खा विभाग मिळतोय. इथे मी अजून दुसऱ्याच्या हाताखाली आहे. आणि दर रविवारी तू येतेस, माझे डबे उघडून बघतेस."

मी डबे उघडून बघत नाही. (बघते. पण झाकण नीट लावते.)

जावई टॉवेल डोक्यावर धरून उभा होता. मी म्हटलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत कुठे होतात, आई?"

 कप गुंडाळायला बसले. दोन फोडले. लेक म्हणाली, "हं, आता बरोबर माझी आई."

रविवार, २२ जून

दोन महिने डायरीला वेळ झाला नाही. प्रशिक्षण चालू होऊन तीन आठवडे झाले, मुक्काम लेकीकडे, समुद्राकाठी. हवा खारट आहे, कंटाळवाणी अजिबात नाही.

मोठं विमान! काय लिहू? अजून नकलीच चालवतेय, पण काल पहिल्यांदा ते उतरवताना माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि प्रशिक्षक, माझ्या लेकीच्या वयाचा, म्हणाला, "कॅप्टन, हे चेकलिस्टमध्ये नाही." मी साठ वर्षांची आहे आणि वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीसारखी घाबरते, रात्री पाठांतर करते. इतकी खुश मी कधी होते, आठवत नाही.

जावयाचंही प्रशिक्षण संपलं. उद्या कॅप्टन म्हणून पहिलं उड्डाण, शेजारी शिकवणारा कोणी नाही. आज त्याने बूट तीनदा पुसले.

सोमवार, २३ जून

सकाळी लेक हॉस्पिटलला लवकर गेली होती. जावई खोलीतून बाहेर आला, खांद्यावर चार पट्ट्या. कालपर्यंत तीन होत्या. चेहरा पांढरा पडलेला. दारापाशी थांबला.

"आई, काही सांगायचंय?"

सांगायचं नव्हतं होय! तेहतीस वर्षांचं साठलेलं आहे. जिभेच्या टोकावर आलंही होतं. कॉकपिटमध्ये एक वैमानिक दुसऱ्याकडे विमान सोपवतो तेव्हा तोंडाने तसं म्हणायचं असतं आणि मग स्वतःचे हात बाजूला घ्यायचे असतात. म्हणणं सोपं असतं, हात बाजूला घेणं नवशिक्यांना जमत नाही.

"नाही रे," मी म्हटलं. "विमान तुझं आहे."

तो हसला आणि गेला. दार लागल्यावर मी टेबलाशी बसून त्याला न सांगितलेलं सगळं इथे लिहून काढायला घेतलं. वाऱ्यात घाई करू नकोस, को-पायलट काही म्हणाला तर आधी ऐक, प्रवाशांशी थोडक्यात बोल, उतरताना लांब बघ, चाकांकडे नाही, आणि काही खाऊन जा. एवढ्यावर लक्षात आलं की त्याला यातलं सगळंच येतं. खाणं सोडून. मग पेन ठेवलं आणि लेकीचे डबे न उघडता चहा केला.

दुपारी फोन वाजला. मागे इंजिनं बंद होत चालल्याचा आवाज. "आई, उतरलो. जरा दणका बसला."

"बसू दे, कॅप्टन," मी म्हटलं.

पलीकडून आधी हसू फुटलं. मग दोघंही बराच वेळ फोन धरून नुसते हसत राहिलो.